ब्रेक सोडले की

आमचे हे फोनवर "निघालो" असं कधी लवकर म्हणत नाहीत. लिफ्टमध्ये असतील, गाडीत बसून पट्टा लावलेला असेल, तरी "अजून निघालो नाही." चाक हललं की मग निघाले. मला कळा सुरू झाल्या तेव्हा शेजारीण मला दवाखान्यात घेऊन चालली होती आणि हे फोनवर विचारत होते, "निघालात म्हणजे गाडी हलली का नक्की?" त्यावर मी जे काही बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

एकट्या ह्यांचं नाही, सगळे वैमानिक असेच. विमानाचे ब्रेक सुटले, विमान जागचं हललं, की ह्यांचं घड्याळ सुरू. पोहोचून ब्रेक लागले की बंद. अनुभव त्यावर, बढती त्यावर आणि पगारही त्यावरच. त्याआधी हवामान बघा, इंधन बघा, धुकं निवळेपर्यंत विमानात ताटकळत बसा, प्रवाशांची बोलणी खा, तो वेळ कुणाच्या खिजगणतीतच नाही.

वैमानिकांच्या संघटनेचं कंपनीशी भांडण होतं ते ह्याचंच. जमिनीवर ताटकळण्याचा वेळही कामात धरा, एवढी साधी मागणी. कंपनी दाद देईना, संपावर जायला ह्यांचं मन घेईना. शेवटी दोघांनी मिळून लवाद नेमला, एक निवृत्त न्यायाधीश. ते सांगतील ते दोन्ही बाजूंना बंधनकारक, आणि पुढची तीन वर्षं त्यावर ब्र काढायचा नाही. त्या करारावर सही कुणाची? संघटनेच्या अध्यक्षांची, म्हणजे आमच्याच ह्यांची. निम्म्या वैमानिकांना ह्यांनी शिकवलेलं, त्यामुळे सगळे ह्यांना मास्तर म्हणतात. मास्तर म्हणाले म्हणून सगळ्यांनी होकारासाठी हात वर केले.

आमची लेकही त्याच कंपनीत को-पायलट आहे. बापाचं बघूनच गेली, दुसरं काय! तिच्या वाट्याला सगळे जवळजवळचे मार्ग, त्यामुळे दिवसभरात उडणं थोडं आणि ताटकळणं फार. जावई बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने दर्शन नाही. म्हणून नातू आमच्याकडे असतो, अकरा महिन्यांचा. लेक विमानतळाजवळ राहते आणि सुट्टी मिळाली की धावत येते. जमिनीवरचा वेळ मोजला गेला असता तर तिचे महिन्याचे ठरलेले तास थोड्या दिवसांत भरले असते आणि पोराला स्वतःजवळ ठेवता आलं असतं. "आई, निकाल लागला की ह्याला घेऊन जाते," हे तिचं दर खेपेचं वाक्य. तिकडे तिने त्याच्यासाठी लहानशी खाटसुद्धा आणून ठेवली होती.

सुनावणीला मी नव्हते. पण ह्यांनी ती इतक्यांदा सांगितली आहे, की त्या खोलीतल्या पंख्याची कुरकुरसुद्धा मला पाठ झाली आहे. सगळं कसं छान चाललं होतं. न्यायाधीश म्हणजे मोठा गोड माणूस. ह्यांची साक्ष संपत आली तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि सहज विचारलं, "कॅप्टन, एक सांगा, तुमचं काम नेमकं सुरू कधी होतं हो?"

आणि आमचे हे बोलून गेले, "ब्रेक सोडले की."

झालं! संघटनेच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मग ह्यांची सारवासारव सुरू झाली. तसं नाही, त्याआधी हे करावं लागतं, ते तपासावं लागतं, म्हणून हे बराच वेळ बोलत राहिले. न्यायाधीशांनी मान डोलावली, पण लिहून काही घेतलं नाही.

निकाल मंगळवारी आला. संघटनेच्या अध्यक्षांच्या स्वतःच्याच सांगण्यानुसार काम ब्रेक सोडल्यावर सुरू होतं, सबब ही मागणी मान्य करता येत नाही. त्यात खोटं काय होतं सांगा! आपल्याच हाताने धोंडा पायावर पाडून घेतलेला.

संध्याकाळी संघटनेतर्फे निवेदन द्यायचं होतं. हे जेवणाच्या टेबलाशी बसले. आधी "अन्यायकारक" लिहिलं. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, असं नाही म्हणता येणार. मग "निराशाजनक" लिहिलं. तेही नको म्हणाल्या.

"मग म्हणायचं तरी काय?" मी म्हटलं. "वा वा, फारच छान झालं, असं म्हणायचं?"

"अगं, सही माझीच आहे ना."

"अहो, पण अपील, कोर्ट, काहीतरी असेल की!"

"काही नाही."

"संप?"

"तोही नाही. लिहून दिलंय आपण."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण राग काढू कुणावर? न्यायाधीशांनी लबाडी केलेली नाही, कंपनीने फसवलेलं नाही, आणि ह्यांच्यावर ओरडावं तर ह्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. टेबलाखाली नातू आजोबांची चप्पल चघळत बसला होता. मी ती काढून घेतली, तर तोच माझ्यावर किंचाळला. शेवटी त्या निवेदनात "संघटना हा निकाल स्वीकारते" एवढंच उरलं.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत हे ते वाचायला उभे राहिले. लेक येणार होती म्हणून नातवाला घेऊन मीही मागे बसले होते. सभागृह गच्च भरलेलं. वाचून होतंय तोच एकजण ओरडला, "मास्तर, सगळ्यांच्या तोंडचा घास घालवलात तुम्ही!" दुसरा म्हणाला, "जीभ आवरता आली नाही का?" तिसऱ्याने राजीनामा मागितला. हे म्हणाले, "बोला, आणखी बोला." खरं सांगते, ती बोलणी खाताना ह्यांना जरा बरंच वाटत होतं. निदान कुणीतरी शिक्षा करत होतं.

सभा उठली तशी लेक आमच्याकडे आली. ती गणवेशातच होती, तिथून थेट कामावर जायचं होतं. पोराला उचलून तिने त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि म्हणाली, "आई, ह्याला राहू दे तुझ्याकडे अजून." किती दिवस, ते मी विचारलं नाही. तीन वर्षांनी तो शाळेत जायला लागेल, एवढं मलाही कळतं.

हे शेजारी येऊन उभे राहिले. "बोल," म्हणाले. "तूही बोल मला."

"काय बोलू, बाबा? त्यांनी मला विचारलं असतं ना, तर मीही तेच सांगितलं असतं. पटकन. विचारसुद्धा न करता."

तिने पोराला त्यांच्या हातात दिलं आणि निघून गेली. सगळ्या सभागृहाची बोलणी उभ्याने खाल्लेले आमचे हे तेव्हा मटकन खाली बसले. पोर दाराकडे दोन्ही हात पसरून रडत होतं, आणि ह्यांना त्याला धड धरताही येत नव्हतं.