आधी दिवा, मग बिल

माणूस उपाशी किंवा घाईत असला की संगणकात चुका होतात, बाकीची कारणे मागाहून शोधून काढलेली असतात, असे ठामपणे मानणारा एकच इसम अख्ख्या बडोद्यात आहे आणि तो माझा धाकटा दीर आहे. लग्न होऊन मी अकोटा भागातल्या या घरात आले तेव्हा भाऊजी गॅलरीतल्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते, आणि अगदी अलीकडेपर्यंत ते तिथून फारसे उठलेच नाहीत. हिंचका हेच त्यांचे ऑफिस. कामात गुंता झाला की तो जोरात चाले आणि सुटला की थांबे, त्यामुळे कड्यांच्या करकरीवरून मला स्वयंपाकघरात त्यांच्या धंद्याची प्रगती कळायची.

गिऱ्हाइके बहुतेक गोरव्यातले लहान कारखानेवाले. त्यांना बिलांची, मालाच्या साठ्याची सॉफ्टवेअर भाऊजी एकट्याने लिहून देत. पण लिहिण्याआधी त्या माणसाकडे जाऊन नुसते बसून राहायचे. तो चहा कधी पितो, कोणावर ओरडतो, चष्मा कुठे विसरतो, सगळे बघून यायचे. मग एकाच्या पडद्यावर अक्षरे भोपळ्याएवढी, तर दुसऱ्याला लाल रंग बघून धडकी भरते म्हणून त्याच्या चुकासुद्धा हिरव्या. व्हॉल्व्ह बनवणारे रसिकभाई सकाळी देवापुढे दिवा लावायचा विसरून थेट बिले करायला बसत आणि मग दिवसभर हळहळत. त्यांचे सॉफ्टवेअर रोज सकाळी आधी "दीवो कर्यो?" असे विचारायचे आणि "हा" दाबल्याशिवाय बिल उघडायचेच नाही. "आणि खोटंच दाबलं तर?" मी विचारले. "दाबू देत की. पण विचारणारं कोणी असलं की माणूस सहसा खोटं बोलत नाही, वहिनी." प्रत्येक पडद्याच्या तळाशी अडचण आल्यास फोन करण्यासाठी नंबर होता, तो माझा. मला न विचारता घातलेला. कणीक मळता मळता मी अर्ध्या गोरव्याला "बंद करून परत चालू करा, भाई" असे सांगितलेले आहे आणि बहुतेकांचे तेवढ्यावर भागलेही आहे.

अशा माणसाने एका मोठ्या कंपनीत नोकरी धरली. मी खोदून विचारले तेव्हा हिंचका थांबवून म्हणाले, "इतकी वर्षं झाली, माझं काम उघडून 'हे इथं चुकलंय' म्हणणारं एक माणूस भेटलं नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, चालतंय ना, बस. मी चांगलं लिहितो की नाही, हे मला खरंच माहीत नाही, वहिनी." कंपनीची अट होती की बाहेरचे काम पूर्ण बंद. भाऊजी स्कूटरवरून एकेका गिऱ्हाइकाचा निरोप घ्यायला गेले आणि दर ठिकाणी फाफडा खाऊन, तोंड पाडून परत आले. रसिकभाई एवढेच म्हणाले होते, "जाओ भाई. पण हवे मारुं कोण जोशे?" 'आता माझं कोण बघणार' हे भाऊजींच्या फार मनाला लागले.

कंपनीची इमारत हरणीच्या बाजूला, सगळी काचेची. तिथे चुका दाखवणारी माणसे मुबलक निघाली आणि भाऊजी खुशीत घरी येऊ लागले. "आज एका पोरीनं माझं अर्धं काम खोडलं," हे त्यांनी बक्षीस मिळाल्यासारखे सांगितले. सुट्टी मागून घ्यायची असते हे मात्र त्यांच्या गावीही नव्हते. वासी उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, साहेबांचा फोन आला तेव्हा ते गच्चीवर पतंग उडवत होते आणि त्यांनी साहेबांनाच उंधियु खायला बोलावले. मग एका परदेशी गिऱ्हाइकाच्या कामात, सगळी माहिती पुसून टाकणाऱ्या बटणाच्या आधी, त्यांनी इंग्रजीतून एक प्रश्न घातला: तुमचा नाश्ता झाला आहे का? तो काढावा की नाही यावर बैठका बसल्या. शेवटी वरच्या साहेबांनी गोड शब्दांत समजावले की हे वापरणारे लोक हजारो आहेत, त्यांचा नाश्ता ही आपली जबाबदारी नव्हे. प्रश्न गेला. त्या संध्याकाळी भाऊजी हिंचक्यावर बसले, पण कड्या वाजल्या नाहीत. "त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "ज्यांना कधी बघितलंच नाही, त्यांना मी काय विचारणार?" मला त्यांची फार कीव आली.

इकडे रसिकभाईंच्या मुलाने बाजारातले तयार सॉफ्टवेअर आणून बसवले. त्यानंतर एका सकाळी, भाऊजी ऑफिसला निघण्यापूर्वी चहा घेत असताना, माझा फोन वाजला. रसिकभाई. मी सवयीने "बंद करून परत" इथवर आले होते.

"ना ना बेन, नवुं तो सरस चाले छे. तरत खुली जाय छे." मग म्हणाले, "पण सवारे कोई पूछतुं नथी. तमे पूछी लो ने."

तेव्हापासून रोज सकाळी पोळ्यांच्या वेळी त्यांचा फोन येतो. मी विचारते, "दीवो कर्यो, रसिकभाई?" ते म्हणतात, "कर्यो, बेन," आणि फोन ठेवतात. कंपनीच्या नियमात हे बसते की नाही देव जाणे, पण काम मी करते, भाऊजी नाही. ते समोर बसलेले असतात, बॅग खांद्याला अडकवून, चहा केव्हाच संपलेला, आणि फोन होईपर्यंत उठत नाहीत. एखाद्या दिवशी उशीर झाला तर कपाकडे बघत हळूच म्हणतात, "वहिनी, आज तुम्हीच फोन लावा ना. विसरले असतील."