हुकूम कुणाचा

सयाजी सुभेदारांनी उभ्या आयुष्यात समुद्र एकदाच पाहिला होता, तोही रत्नागिरीला, मेहुण्याच्या लग्नात. तरीही त्यांचा भाचा अमृत ज्या मालवाहू जहाजावर आचारी होता ते चाच्यांनी पकडल्यावर सुटकेची सगळी आखणी त्यांनीच केली. जोतीरामच्या चहाच्या टपरीवर बसून. गाव कोरेगावच्या अंगाला, घरटी एक माणूस फौजेत, पण नौदलातला एकही नाही. मग सुभेदारांना अडवणार कोण?

फळीवरचा ग्लास म्हणजे नौदलाचं जहाज, आणि खारी म्हणजे पकडलेलं.

"आपलं जहाज मागावर हाय," सुभेदार म्हणाले. "आता दिल्ली हुकूम देनार. दिल्ली मुंबईला सांगनार, मुंबई कप्तानाला. मग कप्तान कमांडो सोडनार."

"तवर चाचे जेवून झोपत्याल की," जोतीराम म्हणाला.

"फौजेत असंच असतंय गड्या. वरनं हुकूम आल्याबिगर पान हलत न्हाई."

बोलण्याच्या नादात शेजारी बसलेल्या लालासाहेबानं पकडलेलं जहाज चहात बुडवून खाल्लं, आणि मोहीम पुढं न्यायला दुसरी खारी मागवावी लागली.

तेवढ्यात रंगूबाई आली. अमृतची आई, सुभेदारांची धाकटी बहीण, गावातच दिलेली. जहाज पकडल्याचा कंपनीचा फोन आल्यापासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. टपरीवर बाया फारशा येत नाहीत, पण ती सरळ फळीपाशी येऊन उभी राहिली.

"दादा, हुकूम कोन देनार त्येवढं सांग. मी जाऊन त्येच्या पाया पडते."

सुभेदारांनी तोंड उघडलं. सगळी नोकरी रसद खात्यात गेलेली. हुकूम यायचा, ते ट्रक भरायचे. तो कुठून निघतो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"मला ठावं न्हाई, रंगू," ते म्हणाले.

सुभेदारांच्या तोंडून हे वाक्य टपरीनं पहिल्यांदाच ऐकलं. चहा तसाच टाकून ते बहिणीबरोबर तिच्या घरी गेले. भाकरी मोडून आधी तिला चारली आणि मोबाईल मांडीवर घेऊन सोप्यात बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वाजला.

"मामा, सुटलो. आई जेवली का?"

पंधरवड्यानं अमृत घरी आला. सुभेदारांना सगळ्यात आधी तेच विचारायचं होतं.

"हुकूम दिल्लीचाच ना रं?"

"माणसं सोडवा, एवढा दिल्लीचा. पर कवा नि कसं, ते जागेवरचा कप्तान ठरवील, असं आधीच सांगितलं हुतं. आमची माणसं मशिनखोलीमागच्या लोखंडी दाराआड लपलेली. कप्तान त्यास्नी वायरलेसवर इचारायचा, सगळी आत हाईत का? तर एक कमी."

"कोन?"

अमृतनं मान खाली घातली. "मी. गॅस बंद करायला मागं फिरलो नि कोठीत अडकलो."

रंगूबाईनं कपाळावर हात मारला.

"बाहीर एक जन असताना गोळी चालवायची न्हाई, म्हनला कप्तान. मुंबईनं दोनदा इचारलं, का थांबलाय? त्यो म्हनला, अजून एक माणूस आत यायचाय. दुसऱ्या दिवशी मी सरपटत दाराशी गेलो. सगळे आत, असा निरोप गेला, आन मगच कमांडो चढले. नंतर त्यांच्या जहाजावर चहा पिताना एका अधिकाऱ्यानं सांगितलं."

वरून विचारणा होत असताना एका आचाऱ्यासाठी थांबणारा माणूस सुभेदारांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"नाव काय त्या कप्तानाचं?"

"इचारायचं ऱ्हायलं."

"ऱ्हायलं?" रंगूबाई उठली. "तुझ्यापायी त्येनं अख्खं जहाज थांबवलं, आन तू नाव इचारलं न्हाईस? दादा, ह्येला सांग काय तरी."

सुभेदारांनी घसा साफ केला. "त्ये तू ठरीव, रंगू," ते म्हणाले. "जागेवर तूच हाईस."

रंगूबाईनं लेकाचा कान धरला.