पोरीला लांब ठेवा

"डॉक्टर, गादी शाबूत आहे," ओली फिल्म उजेडाला धरून मी म्हणालो.

दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते. मणक्याचा क्षय सहसा तीही खातो. पार्वतीबाईंचा एक मणका पार पोखरला होता, पण वरखालच्या गाद्या जशाच्या तशा.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मी अलिबागेत एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायचो. पार्वतीबाई मिठागरावर पाट्या वाहणाऱ्या. आठ महिन्यांपूर्वी पाठ धरली, तेव्हाचा फोटो मीच काढलेला. डॉक्टरांनी क्षय धरून सुया दिल्या, प्लास्टरचं जाकीट घातलं. इथवर ठीक. पण कोणी विचारलं नसताना मी त्यांच्या नवऱ्याला, राघोला, बजावलं, "पोरीला लांब ठेवा हो, लागण होईल." त्यांची सुली तेव्हा चार वर्षांची. त्याने तिला मामाकडे पाठवलं. आठ महिने झाले तरी दुखणं हटेना, म्हणून आता हा दुसरा फोटो.

डॉक्टरांनी आता पार्वतीबाईंच्या गळ्यावरून बोटं फिरवली. "ही गाठ कधीची?"

"लय दिसांची. दुखत न्हाय, म्हून बोलले न्हाय."

गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. मुंबईला गाठीचा तुकडा तपासला. थायरॉइडचा कॅन्सर, तिथूनच मणक्यात उतरलेला.

रिपोर्ट वाचून डॉक्टर मला म्हणाले, "हिची छाती साफ होती. नुसत्या मणक्याचा क्षय असता तरी पोरीला लागला नसता. लांब ठेवायला सांगितलं कोणी?"

"मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी पार्वतीबाईंना समजावलं, की आजार मोठा आहे, मुंबईला किरणांचा शेक घ्यावा लागेल, पुरता बरा होईलच असं नाही. बाईंनी एकच विचारलं, "दुसऱ्याला लागतो का ह्यो?"

"नाही."

"मंग माजी सुली आना!" बाई चक्क हसल्या. मी डार्करूममध्ये जाऊन रडलो.

दुसऱ्या दिवशी राघो सुलीला घेऊन आला. पोर दारातच थबकली. आईने दोन्ही हात पसरले, तरी हलेना. आठ महिने तिला तेच शिकवलेलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. "काका, शिवू?"

"शीव, बाय. काकाचं चुकलं."

तिने आधी एका बोटाने प्लास्टर चाचपलं. मग खाटेवर चढून आईला अशी बिलगली की राघोने ओढली तरी सुटेना. "ऱ्हाऊ द्या तिला," पार्वतीबाई म्हणाल्या.

शेकाने दुखणं उतरलं. त्या पुढे चार वर्षं जगल्या. सुली शेवटपर्यंत त्यांच्याच अंथरुणात झोपायची, असं राघो सांगायचा.

त्यानंतर मी रिटायर होईपर्यंत पेशंटांचे नातेवाईक विचारायचे, "फोटोत काय दिसतंय हो?"

"हाडं," मी म्हणायचो. "बाकी डॉक्टरांना विचारा."