देशपांडे काकूंचा बोअर आणि माझ्या तीन डिस्का

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? माणसावर, मशीनवर, की मशीन आपलं आपण शिकलो म्हणणाऱ्या माणसावर? पहिल्या दोघांचं तुम्ही बघा. तिसरा मीच, त्याचं मी सांगतो.

मुकुंदवाडीत माझं बोअरच्या मोटारींचं दुकान. शहर पसरत होतं, पाणी खाली चाललं होतं. दुष्काळात सगळे हवालदिल, अन् माझ्या दारात रांग. खोटं कशाला बोलू? बसवलेल्या प्रत्येक बोअरची नोंद मी कॉम्प्युटरवर ठेवायचो. खोली किती, दगडाची कपार कुठं, मोटार कितीवर टांगली. शेजारच्या देशपांडे काकू तिला बोअरची पत्रिका म्हणायच्या.

ही नोंद दोन डिस्कांवर होती, दोन्हीवर तीच. एक मेली तरी दुसरी आहे. याला रेड-एक म्हणतात. पण मी पडलो व्यापारी. एकच माल दोन गोदामांत म्हणजे अडकलेला माल! मग वाचलं की तिसरी डिस्क जोडून रेड-पाच केलं की जागा दुप्पट होते, अन् तिन्हींपैकी कुठलीही एक मेली तरी माल शाबूत.

छावणीच्या बाजारातून जुनी डिस्क आणली. आपली एक डिस्क काढून तिच्याशी जोडली, सगळा माल त्या जोडीवर वाटून ओतला. उरलेल्या डिस्कवर अजून पूर्ण नोंद होती. तिला हात लावण्याआधी आठ दिवस थांबायचं, निदान एक प्रत बाजूला ठेवायची. मी काय केलं? रिकामं गोदाम बघवत नाही म्हणून तीही पुसून आत घातली.

ती भरत असतानाच छावणीवाली मेली. तिन्ही भरेपर्यंत एकही मरून चालत नाही, हे मी नंतर वाचलं.

सगळी नोंद गेली. गेलं ते गेलं. पण मी कुणाला सांगितलं नाय. अन् आठवड्याभरात काकूंची मोटार जळली. त्यांच्या बिल्डिंगच्या त्या एकाच बोअरवर बारा घरं, टँकर चार दिवसांनी.

"भाऊ, नवी मोटार किती फुटांवर सोडायची?" काकूंनी विचारलं.

"अडीचशे," मी म्हणालो.

"नक्की? कॉम्प्युटरमध्ये बघितलं ना?"

"बघूनच सांगतोय की."

मोटार सोडणारा नबीभाई माझ्याकडं बघत राहिला. "सेठ, पिछली बार तो दो सौ पे छोडे थे ना?"

"तू मोटार सोड."

दोनशे दहावर कपार होती. मोटार तिच्याखाली गेली अन् तिथंच तिरकी अडकली. नबीभाईनं दुपारभर चेन ओढली. शेवटी दोर तुटला, मोटार आतच राहिली. बोअर बाद.

काकू छत्री घेऊन उन्हात उभ्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "अडीचशे कॉम्प्युटरनंच सांगितलं ना? मग त्यालाच म्हणा, बाहेर काढ."

तेव्हा कबूल केलं, सगळ्या बिल्डिंगसमोर. नवा बोअर माझ्या पदरचा मारून दिला, पण पाणी लागलं ते पहिल्याच्या निम्मं. काकू आता बोलतात. खोली मात्र स्वतः दोरी सोडून मोजतात.

तेव्हा एवढं करा माझ्यासाठी. नोंद वहीत ठेवा, नाहीतर दहा डिस्कांवर ठेवा. पण जे हरवलं, त्याच्यापुढं 'हरवलं' असं खरं लिहा. मी तिथं अडीचशे लिहिलं.