कापलेल्या पिना

आयर्लंडमध्ये लिमरिक शहराजवळच्या ज्या वृद्धाश्रमात मी डॉक्टर म्हणून जाते, तिथे वीज गेली की जनरेटर सुरू करणारा रिले एक आयरिश इलेक्ट्रिशियन सांभाळतो. काहीही विचारा, "ग्रँड, डॉक्टर", म्हणजे सगळं ठीक, म्हणून मोकळा होतो. नवा रिले बसवला की मुद्दाम वीज घालवून तीनदा तपासतो. मग जुन्याच्या पिना पक्कडीने एकेक करून कापतो आणि तेव्हाच तो कचऱ्यात टाकतो.

"टाकायचाच आहे ना? मग हा उद्योग कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

तेव्हा मात्र तो ग्रँड म्हणाला नाही. "एकाने असाच जुना रिले घासूनपुसून परत बसवला होता. वीज गेली, जनरेटर लागलाच नाही. ऑक्सिजन मशीनवरच्या आजीबाई गेल्या."

"आणि त्या माणसाचं काय झालं?"

त्याने शेवटची पिन कापली.

"तो अजून इथेच रिले बदलतो, डॉक्टर."