बांबूचं गाव

ओल्या बांबूचा वास आला की मला पुण्यातली बुरूड आळी आठवते. कॉलेजात असताना कांद्यांसाठी टोपली घ्यायला मी तिथे गेलो होतो. सोबत रूममेट होता, माझ्याच गावचा, पण घरी कन्नड बोलणारा. टोपल्या विणणाऱ्या बाईंनी गाव विचारलं. मी म्हणालो, “बेळगाव.” तो म्हणाला, “बेळगावी.” झालं, तिथेच आमची जुंपली, अगदी खोली सोडण्याच्या धमकीपर्यंत. बांबू तासत, वर न बघता बाई म्हणाल्या, “अहो, ते मूळचं वेणुग्राम. वेणू म्हणजे बांबू. म्हणजे गाव आम्हा बुरुडांचं, तुम्ही दोघंही भाडेकरू. टोपली घेताय ना?” आम्ही हसतच सुटलो. त्या बाईंची कृपा, वीस वर्षांनंतरही दर रविवारी त्याचा फोन येतो, “काय भाडेकरू, बरं आहे ना?”