कोणत्या जीनमध्ये?

लॅबमधले किस्से सुरू केले की माझा नवरा म्हणतो, "तुझ्या फ्रीजरपेक्षा तुझं डोकं जास्त भरलंय." खरंय. फ्रीजर निदान अधूनमधून साफ तरी करता येतो.

*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत मी माणसाच्या जनुकांवर, म्हणजे जीन्सवर संशोधन करत होते. विषय सिकलसेल, आईबापांकडून मुलांत उतरणारा रक्ताचा आजार. पर्वत पाटियाजवळ लूमवर राबणाऱ्या खानदेशी घरांतून रक्ताचे नमुने घ्यायचे.

त्यांतल्याच एका घरच्या इंदूबाईंना सांगितलं, "मी जीनवर काम करते." बाई खुलल्या. "कोणता जीन मा? मना भाऊ बी अमळनेरना जीन मा व्हता!"

बाईंचा जीन म्हणजे कापसाची जिनिंग गिरणी! माझी पीएच.डी. सांगायची राहूनच गेली.

पण त्या जीनमुळेच दार उघडलं. त्यांचा पहिला नातू दोन वर्षांचा असतानाच वारला होता. अंग दुखायचं, ताप यायचा, कारण कोणी सांगितलंच नाही. मुलाचं आणि सुनेचं रक्त देताना म्हणाल्या, "पुढलं बाळ व्हायच्या आधी सांगशील ना?" मी शब्द दिला.

*

चांदनी पडव्याला, म्हणजे सुरतेत घारी ही तुपातली मिठाई खायच्या सणाला, लॅबचा फ्रीजर उघडला, तर आत आमच्या प्रमुख साहेबांच्या घारीचे डबे. रक्ताच्या नळ्या बाहेर टेबलावर, कोमट.

साहेब शांत. "बेन, रक्त तो फरी मळशे. घारी बगडी जशे."

रक्त काय, पुन्हा मिळेल, घारी बिघडेल म्हणे! मग तुमचं काढा की. हे मी मनातच म्हटलं, त्याचा राग अजून आहे.

दुसऱ्यांदा सुई टोचताना सुनेने विचारलं, "पहिल्या रक्ताचं काय झालं, ताई?" घारीचं नाव घ्यायची मला लाज वाटली.

*

संमतीचा फॉर्म इंग्रजीत. मराठीत करते म्हटलं, तर साहेब म्हणाले, "अंगठाच तर घ्यायचाय. तो कुठल्या भाषेत असतो?"

*

रिपोर्ट आला. इंदूबाईंचा मुलगा आणि सून, दोघांतही सिकलसेलचा दोष, म्हणजे पुढच्या प्रत्येक बाळाला धोका. मी कागद घेऊन निघाले, तर साहेबांनी तो काढून घेतला आणि कपाटाला कुलूप लावलं. "रिसर्च पेपर छापून येईपर्यंत काही बाहेर जाणार नाही."

मी भांडले, रडले आणि नोकरीच्या भीतीने गप्प बसले. तेवढी मीही दोषी.

*

पेपर छापून आला. साहेबांचा सत्कार. पहिल्या रांगेत 'सहभागी कुटुंब' म्हणून इंदूबाई, शेजारी सून, सातव्या महिन्यातली.

साहेब माइकवर म्हणाले, "इन लोगों ने विज्ञान को अपना खून दिया है." टाळ्या.

टाळ्या थांबल्यावर इंदूबाई उठल्या. "साहेब, जीन मा कापूस दिधा तरी पावती भेटस. आमना रक्तनी कोठे शे?"